पाण्याने गार राहणारा संगणक

कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढून आलेली मालमोटार तुम्ही पाहिली असेल. तिच्या तोंडाशी जाळीमागे रेडिएटर असतो. इंजिनात तापलेले पाणी तेथे येते, बारीक नळ्यांतून फिरते, वाऱ्याला आपली उष्णता देते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. आता हीच सगळी व्यवस्था, म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर आणि पंखे, टेबलावरच्या संगणकाच्या पेटीत बसवली आहे अशी कल्पना करा. विजेवर चालणाऱ्या नाजूक यंत्राच्या पोटात पाणी! ऐकूनच छातीत धस्स होते. तरीही जगभरातील कित्येक हौशी माणसे गेली पंचवीसएक वर्षे असे संगणक स्वतःच्या हाताने बांधत आली आहेत.

वरवर पाहता हा छंद पाना-पेचकसाचा वाटतो. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय तुमच्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेच्या धड्यावर उभा असतो. म्हणून आपण हा संगणक आधी कागदावर बांधू या.

उष्णता येते कोठून?

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळीच अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. प्रोसेसरच्या चिपवर अब्जावधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. ते सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात, आणि प्रत्येक वेळी थोडासा विद्युत्भार भरला जातो व रिकामा होतो. या ये-जा करण्यात ऊर्जा खर्च होते. ही उष्णता वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. पण व्होल्टतेच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते.

समजा, एखाद्या हौशी माणसाने प्रोसेसरचा वेग १० टक्क्यांनी वाढवला आणि त्यासाठी व्होल्टता १.२ वरून १.३ केली. उष्णता किती वाढेल? १.३ ला १.२ ने भागा, त्याचा वर्ग करा, त्याला १.१ ने गुणा. उत्तर येते सुमारे १.२९. म्हणजे वेग १० टक्के वाढला, पण उष्णता २९ टक्के वाढली! संगणकाला अधिक वेगाने पळवण्याच्या हौसेतूनच पाण्याने गार करण्याचा छंद वाढला, त्याचे कारण या आकड्यात आहे.

दुसरी अडचण जागेची. इस्त्रीचा तवा सुमारे २०० चौ. सें.मी. असतो आणि ती १००० वॅट वीज घेते. म्हणजे दर चौ. सें.मी.ला ५ वॅट. उलट जोरात चालणारा प्रोसेसर समजा १५० वॅट घेत असेल आणि त्याची चिप २ चौ. सें.मी.ची असेल, तर दर चौ. सें.मी.ला ७५ वॅट झाले. इस्त्रीच्या पंधरा पट! एवढी उष्णता नखाएवढ्या जागेतून सतत उचलावी लागते. नाही उचलली, तर तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचताच आजचे प्रोसेसर स्वतःहून आपला वेग कमी करतात, आणि तरीही भागले नाही तर बंद पडतात.

हवा की पाणी?

साध्या संगणकात प्रोसेसरवर धातूच्या पातळ पत्र्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा असतो. पत्र्यांची उष्णता हवा नेते. पण हवा हा फार दुबळा हमाल आहे. एक लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४१८० ज्यूल लागतात. एक लिटर हवेचे वस्तुमान जेमतेम १.२ ग्रॅम, म्हणून तिला तेवढ्याच वाढीसाठी सुमारे १.२ ज्यूल पुरतात. म्हणजे सारख्याच आकारमानाचे पाणी हवेच्या साधारण ३५०० पट उष्णता उचलते. शिवाय पाण्याची उष्णतावाहकताही हवेच्या २३ पट आहे.

आता आपल्या संगणकाला हे आकडे लावू या. प्रोसेसर १५० वॅट आणि चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड १५० वॅट, मिळून ३०० वॅट. म्हणजे सेकंदाला ३०० ज्यूल. पंप मिनिटाला ४ लिटर पाणी फिरवतो असे धरा. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ०.०६७ लिटर पाणी. ३०० भागिले (०.०६७ गुणिले ४१८०) बरोबर सुमारे १.१ अंश. एका फेरीत पाणी फक्त १.१ अंशाने तापते!

या छोट्या आकड्याने एक मोठा वाद मिटतो. पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डाकडे, रेडिएटर मधे असावा की शेवटी, यावर नवशिके तासन्तास डोके खाजवतात. पण साऱ्या वर्तुळात पाण्याचे तापमान एका अंशाच्या आसपासच बदलत असेल, तर क्रमाने फरक पडणार तो किती? नळ्या ज्या मार्गाने सुटसुटीत बसतील तो मार्ग उत्तम.

पाणी फक्त वाहून नेते

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते फक्त ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेते. समजा वर्तुळात एकूण १ लिटर पाणी आहे आणि रेडिएटरचे पंखे बंद पडले. रेडिएटरकडून काहीच उष्णता बाहेर जात नाही असे धरले, तर ३०० वॅटने हे पाणी दर १४ सेकंदांना १ अंश तापेल. ३० अंशांचे पाणी ६० अंशांवर जायला पुरती सात मिनिटेही लागत नाहीत. मग पाण्याचा उपयोग संपला.

म्हणजे शेवटी काम हवेलाच करायचे आहे. रेडिएटरमधून जाणारी हवा ५ अंशांनी तापते असे धरले, तर ३०० वॅट नेण्यासाठी सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा लागते. मिनिटाला ४ लिटर पाणी, पण हवा मात्र ३००० लिटर! मग फायदा काय झाला? फायदा जागेचा. नखाएवढ्या चिपवर ३००० लिटर हवा आदळवणे अवघड आणि गोंगाटाचे आहे. पाणी तीच उष्णता तेथून उचलून रेडिएटरच्या पत्र्यांच्या ऐसपैस पृष्ठभागावर पसरून देते. तेथे १२० मि.मी.चे तीन पंखे प्रत्येकी सेकंदाला १७ लिटर हवा संथपणे ढकलतात. उष्णता तेवढीच, पण आवाज कमी.

यातून आणखी एक नियम निघतो. असा संगणक खोलीच्या तापमानापेक्षा खाली कधीच जाऊ शकत नाही, कारण उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडेच जाते. मग माठातले पाणी खोलीपेक्षा गार कसे होते? माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्प होते आणि ते बाष्प उष्णता घेऊन जाते. आपल्या नळ्या मात्र चारी बाजूंनी बंद आहेत. तेथे बाष्पीभवन नाही, म्हणून माठाची किमयाही नाही.

वाटेवरचे टप्पे

चिपकडून हवेपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो, आणि प्रत्येक टप्पा थोडा रोध करतो. ओहमच्या नियमात जसे विभवांतर, धारा आणि रोध, तसेच येथे तापमानातील फरक, उष्णतेचा प्रवाह आणि औष्णिक रोध.

पहिला टप्पा चिपच्या धातूच्या झाकणापासून तांब्याच्या ठोकळ्यापर्यंत. या ठोकळ्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेचे सूक्ष्म कप्पे राहतात. हवा तर उष्णतेची दुर्वाहक. म्हणून मध्ये लेप लावतात. पण लेपाची वाहकता तांब्याच्या मानाने फारच कमी असते. तेव्हा तो खाचा भरण्यापुरताच हवा, चपातीवर लोण्यासारखा थापायचा नाही. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो.

दुसरा टप्पा ठोकळ्यापासून पाण्यापर्यंत. ठोकळ्याच्या आत मिलिमीटरपेक्षाही अरुंद अशा खाचांची रांग कोरलेली असते. पाण्याला स्पर्श करणारे क्षेत्रफळ त्यामुळे अनेक पटींनी वाढते. तिसरा टप्पा रेडिएटरचा. हौशी मंडळींचा ठोकताळा असा, की दर १०० वॅटला १२० मि.मी. पंख्याएवढा रेडिएटर हवा. आपल्या ३०० वॅटला तीन पंख्यांचा रेडिएटर लागेल.

आता हिशेब जोडा. खोली ३० अंश. रेडिएटरपाशी पाणी खोलीपेक्षा १० अंश वर, म्हणजे ४०. ठोकळा, लेप आणि चिपचे झाकण मिळून रोध दर वॅटला ०.२ अंश धरला, तर १५० वॅटला ३० अंश. प्रोसेसर ७० अंशांवर राहील. सुरक्षित!

पंपाबद्दलही एक गंमत आहे. रेडिएटर पेटीच्या छतावर असेल, तर पाणी वर चढवायला मोठा पंप लागेल असे वाटते. पण बंद वर्तुळात जेवढे पाणी वर चढते तेवढेच दुसऱ्या बाजूने खाली उतरते, आणि दोहोंचे वजन एकमेकांना तोलते. पंपाला फक्त नळ्यांतील घर्षणाशी झुंजावे लागते. म्हणून १२ व्होल्टवर चालणारा मुठीएवढा पंप पुरतो. मात्र हा पंप हवा ओढू शकत नाही आणि कोरडा चालला तर बिघडतो. त्यासाठी पाण्याची छोटी टाकी नेहमी पंपाच्या वर बसवतात.

तीन शत्रू

पहिला शत्रू गळती. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी विजेचे फारच मंद वाहक आहे हे खरे. पण त्यावर विसंबू नये. नळ्यांत फिरताना त्यात धातूंचे आयन मिसळतात, आणि सांडल्यावर धूळ व क्षार मिसळतात. मग एक थेंबही मदरबोर्ड जाळू शकतो. म्हणून पाणी प्रथम भरताना संगणकाला वीज द्यायचीच नाही. फक्त पंपाला वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा द्यायचा, प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवायचा आणि चोवीस तास पाणी फिरू द्यायचे. कागदावर डाग दिसला तर सांधा पुन्हा आवळायचा आणि चोवीस तास पुन्हा मोजायचे. या एका दिवसाची घाई करणारा माणूस महिन्यांची कमाई पणाला लावतो. आणि २३० व्होल्टवर चालणारी वीजपुरवठ्याची पेटी कधीही उघडायची नाही. तिच्यातील धारित्रे वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतात.

दुसरा शत्रू गंजणे. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा घेतला तर काय होईल? दोन भिन्न धातू आणि मध्ये आयन असलेले पाणी, म्हणजे चक्क विद्युत्घटच! त्यात ॲल्युमिनियम हळूहळू झिजत जाते आणि त्याच्या गाळाने ठोकळ्यातील बारीक खाचा तुंबतात. म्हणून तांबे व पितळ यांच्या सोबतीला ॲल्युमिनियम घ्यायचे नाही.

तिसरा शत्रू जिवंत आहे. पारदर्शक नळ्या दिसतात छान, पण उजेड आणि कोमट पाणी मिळाले की शेवाळ धरते. यासाठी पाण्यात शेवाळनाशक मिसळतात आणि साधारण वर्षातून एकदा पाणी बदलतात.

जुनीच युक्ती

ही कल्पना नवी नाही. आयबीएमचा १९६० च्या दशकातील सिस्टिम/३६० मॉडेल ९१ हा महासंगणक पाण्याने गार केला जाई. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकात तर विद्युत्मंडले विजेचे वहन न करणाऱ्या, फ्लोरिनयुक्त द्रवात बुडवलेली होती. १९९० च्या दशकात कमी वीज खाणाऱ्या चिपा आल्या आणि मोठी यंत्रे पुन्हा हवेकडे वळली. पुढे चिपा पुन्हा तापू लागल्या आणि पाणी परत आले. आपल्या पुण्यात, आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या सी-डॅकच्या परम ब्रह्म या महासंगणकातही द्रवशीतनच वापरले. हौशी मंडळींनी सुरुवातीला मोटारीच्या हीटरचे छोटे रेडिएटर आणि मत्स्यालयातील पंप जोडून काम भागवले. तयार भाग बाजारात नंतर आले.

मग प्रत्येकाने असा संगणक बांधावा का? मुळीच नाही. अभ्यासासाठी वापरायच्या साध्या संगणकाला पंखा पुरेसा असतो, आणि पंखा बिघडला तर थोडक्यात बदलता येतो. पाण्याची व्यवस्था महाग, तिची देखभाल अधिक आणि चुकीला क्षमा कमी. ज्याला दिवसभर पूर्ण भाराने आणि शांतपणे यंत्र चालवायचे आहे, किंवा ज्याला बांधण्यातच आनंद आहे, त्याच्यासाठी ती आहे. पण हिशेब मात्र प्रत्येकाने करून पाहावा; त्याला पैसे पडत नाहीत.

करून पाहा

स्टीलचे तीन सारखे पेले घ्या. प्रत्येकात साधारण ६० अंशांचे २०० मि.लि. पाणी मोठ्या माणसांच्या मदतीने ओता. एक पेला टेबलावर ठेवा, दुसऱ्यावर पंख्याचा वारा सोडा, तिसरा नळाच्या एक लिटर पाण्याच्या पातेल्यात ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमान मोजून तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. पातेल्यातील पाण्याचे तापमानही मोजा. पेल्याने गमावलेली आणि पातेल्याने कमावलेली उष्णता सारखी येते का? न आल्यास उरलेली कोठे गेली?

आणि शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. आपण कागदावर बांधलेला संगणक नागपूरला मे महिन्यात ४४ अंशांच्या खोलीत चालवला, तर प्रोसेसरचे तापमान किती होईल? मालकाने आधी सांगितल्याप्रमाणे वेग १० टक्के आणि व्होल्टता १.३ केली, तर पाणी ५४ अंशांवरच राहिले असे धरूनही प्रोसेसर कोठपर्यंत पोचेल? ते उत्तर पाहून तुम्ही त्याला काय सल्ला द्याल?