भाजलेल्या रुग्णाची सेवा : उशी काढून घेणारी सिस्टर

गेल्या रमजानमध्ये इफ्तारीची भजी तळताना आमच्या शेजारच्या आपांच्या ओढणीने पेट घेतला. आम्ही धावलो, जाड चादर टाकून आग विझवली. मग कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. नर्सिंग शिकणाऱ्या त्यांच्या भाचीने सगळ्यांना मागे सारले. "फक्त साधे वाहते पाणी, वीस मिनिटे. बर्फही नको!" मग स्वच्छ चादरीत गुंडाळून आपांना दवाखान्यात नेले.

मान, छाती आणि दोन्ही हात मिळून सुमारे २५ टक्के शरीर भाजले होते. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे साधारण १ टक्का, असा अंदाज असतो. एवढे भाजले की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून जाते. म्हणून वजन, भाजलेले टक्के आणि ४ मिलिलिटर यांचा गुणाकार करून सलाईन ठरवतात. आपांचे वजन ६० किलो, म्हणजे २४ तासांत सुमारे ६ लिटर. त्यातले निम्मे, भाजल्या वेळेपासून पहिल्या ८ तासांतच. सिस्टर दर तासाला लघवी मोजत होत्या, कारण पाणी पुरते की नाही ते त्यावरूनच कळते.

तिसऱ्या दिवशी आम्ही मायेने आपांच्या डोक्याखाली उशी ठेवली. सिस्टरांनी ती काढून घेतली. आम्हाला राग आला. त्या म्हणाल्या, "मान भाजली असेल तर उशी द्यायची नसते. आरामाच्या स्थितीतच कातडी आखडते आणि हनुवटी खाली ओढली जाते." ड्रेसिंगच्या आधी वेदनाशामक देणे, हातांना आधाराच्या पट्ट्या बांधणे, रोज बोटे हलवून घेणे, हे सगळे त्या न कंटाळता करत होत्या.

आपांना रोजे सुटल्याचे दुःख होते. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे, हे आम्ही त्यांना समजावले. जखम भरायला अंडी, दूध, डाळ, मटण असा प्रथिनांचा भरपूर आहार लागतो. पाणी चालत नसेल तर तयम्मुम, उठता येत नसेल तर इशाऱ्याने नमाज. याबाबत इमामसाहेबांना विचारून घेतले, तेव्हा त्यांच्या मनाला करार आला.

इयादत सवाबाचे काम आहे. पण भाजलेल्या रुग्णाला जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. दहा जणांनी खाटेभोवती उभे राहण्यापेक्षा एकाने हात धुऊन आत जावे, बाकीच्यांनी घरून दुआ करावी, मुलांचे जेवण पाहावे. "चेहरा वाचला ना?" असे तर कुणीच विचारू नये. आपांनी आरसा मागितला, तेव्हा सिस्टर आधी अर्धा तास त्यांच्याशी बोलल्या आणि मगच आरसा दिला.

घरी आल्यावरही व्यायाम आणि व्रणांवरचे घट्ट कपडे बरेच महिने चालतात. कंटाळा येतो, तेव्हा घरच्यांनीच सोबत बसावे. आपा आज मान वर करून आकाशाकडे पाहू शकतात, अल्हम्दुलिल्लाह. ती उशी तशीच राहिली असती तर काय झाले असते, हे आठवून आम्ही त्या सिस्टरांसाठी आजही दुआ करतो.