आकडे यंत्रात घालताना

१९९१ च्या जनगणनेत धारवाड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३५ लाख होती. २००१ च्या जनगणनेत ती सुमारे १६ लाख भरली. हे दोन आकडे संगणकास देऊन 'दहा वर्षांत काय घडले?' असे विचारले, तर तो क्षणार्धात सांगेल की, जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक माणसे नाहीशी झाली! ना महापूर, ना महामारी. मग एवढी माणसे गेली कोठे? घरातील वडीलधाऱ्यांना हे कोडे घातले, तर ते हसून सांगतील की, माणसे आहेत तेथेच आहेत. १९९७ साली आपल्या जिल्ह्यातून गदग व हावेरी हे दोन नवे जिल्हे वेगळे काढण्यात आले. २००१ ची तिन्ही जिल्ह्यांची बेरीज सुमारे ४० लाख होते. म्हणजे लोकसंख्या घटली नाही, वाढलीच. यंत्राचे गणित बरोबर होते. त्याला दिलेली सामग्री मात्र कोणी पारखली नव्हती.

अशा गणितांसाठी आज जगभर 'आर' नावाची संगणकप्रणाली वापरतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनी ती १९९० नंतरच्या काही वर्षांत रचली. दोघांच्याही नावाचे आद्याक्षर तेच. म्हणून हे एकाक्षरी नाव. ती कोणासही विनामूल्य मिळते. सरासरी, आलेख इत्यादी नित्याची कामे ती स्वतःच करते. विशेष कामांसाठी मात्र निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांनी तिच्या पुरवण्या लिहिल्या आहेत. त्यांना 'पॅकेज' म्हणतात. त्यांच्या मुख्य भांडारात आज वीस हजारांहून अधिक पॅकेजे आहेत.

पॅकेज वापरावयाचे म्हणजे दोन कामे करावी लागतात, आणि नवशिका बहुधा येथेच अडखळतो. पहिले काम 'इन्स्टॉल डॉट पॅकेजेस' या आज्ञेने पॅकेज आपल्या संगणकावर आणून ठेवणे. हे एकदाच करावयाचे. दुसरे काम 'लायब्ररी' या आज्ञेने ते उघडणे. हे मात्र प्रणाली सुरू केल्यावर प्रत्येक वेळी करावे लागते. ग्रंथ विकत आणून कपाटात ठेवला, एवढ्याने तो वाचून होत नाही. अभ्यासास बसताना तो दररोज मेजावर घ्यावा लागतो, तसेच हे. शिवाय एक पॅकेज पुष्कळदा दुसऱ्यावर अवलंबून असते. गायकास बोलावले की तबलजी व पेटीवालाही बरोबर येतात, हे धारवाडकरांस सांगावयास नको. 'आर'ही असे साथीदार बहुधा आपण होऊन आणते.

आता आकड्यांकडे वळू. आकडे साठविण्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे 'सीएसव्ही' फाईल. तीत प्रत्येक ओळीतील रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात, आणि 'रीड डॉट सीएसव्ही' या आज्ञेने ती वाचता येते. एक्सेलच्या फाईलसाठी 'रीडएक्सेल' हे पॅकेज आहे. आज्ञा सोपी आहे. सावधगिरी पुढे हवी. आपण १६,०४,२५३ असे लिहितो. परंतु त्यातील स्वल्पविरामांमुळे यंत्रास एका संख्येच्या तीन संख्या दिसू शकतात. देवनागरी अंक त्यास अंक वाटत नाहीत, अक्षरे वाटतात. १ नोव्हेंबर २०१४ रोजी हुबळीचे अधिकृत नाव 'हुब्बळ्ळी' झाले. जुन्या व नव्या कागदांतील आकडे एकत्र केले, तर एकाच शहराची दोन शहरे होतात!

रिकाम्या घराचा प्रश्न याहून नाजूक आहे. समजा, तीन दिवसांपैकी एका दिवशी १० मिलिमीटर पाऊस पडला, एका दिवशी २०. आणि एका दिवशी पाऊस मोजावयाचा राहिला. त्या घरात कोणी शून्य लिहिले, तर सरासरी १० येते. नोंद नाही असे मानले, तर १५. 'पाऊस नाही' आणि 'नोंद नाही' यांत महदंतर आहे. 'आर'मध्ये नसलेल्या नोंदीसाठी 'एनए' ही वेगळी खूण आहे, ती याचसाठी.

अशा चुकांची किंमत कधी फार मोठी असते. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलींत उतरविले जात होते. अशा फाईलीच्या एका पानात ६५,५३६ ओळींपेक्षा अधिक मावत नाहीत. उरलेल्या ओळी मुकाट्याने गळाल्या, आणि १५,८४१ रुग्ण दैनंदिन गणनेतून सुटले. त्यांच्या सहवासात आलेल्यांस सावध करण्यास विलंब झाला. त्या गळलेल्या प्रत्येक ओळीमागे एक माणूस होता.

म्हणून फाईल यंत्रात उतरली की लगेच गणितास बसू नये. मूळ कागदावर ओळी किती व यंत्रात किती, हे आधी ताडून पाहावे. प्रत्येक रकान्यातील लहानात लहान व मोठ्यात मोठी संख्या पाहावी. रिकामी घरे मोजावीत. आणि शेवटी, हे आकडे ज्यांचे आहेत त्या गावांची व माणसांची माहिती असलेल्या एखाद्या जाणत्यास उत्तर दाखवावे. धारवाडची निम्मी माणसे कोठे गेली, हे यंत्रास कधीच सांगता आले नसते. आपल्या आजोबांना मात्र ते ठाऊक होते.