प्रौढांचे श्रद्धादीक्षावर्ग : अधिकारी कोण?

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्यातील ‘अधिकारी कोण’ हा प्रश्न कॅथलिक धर्मग्रामांत प्रौढांसाठी चालणाऱ्या श्रद्धादीक्षावर्गांनाही विचारावयास हवा. या वर्गांस येणाऱ्या सर्वांना व्यवहारात ‘धर्मांतर करणारे’ असे सरसकट म्हटले जाते. ही केवळ शब्दाची ढिलाई नव्हे. तिच्यामुळे एखाद्याच्या पूर्वीच्या बाप्तिस्म्याचीच अवहेलना होण्याचा संभव असतो.

‘कातेखेओ’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ कानी घुमविणे, तोंडी शिकविणे असा आहे. ज्यास असे शिकविले जात आहे तो ‘कातेखूमेनॉस’. मराठीत त्यास दीक्षार्थी म्हणता येईल. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या प्राचीन ग्रंथात श्रवणाचा काळ तीन वर्षांचा सांगितला असून, व्यक्ती तळमळीची असेल तर काळापेक्षा आचरण पाहावे, असेही म्हटले आहे. प्राचीन उपासनेत ख्रिस्तप्रसादाच्या विधीपूर्वी दीक्षार्थींना निरोप दिला जाई. (आपल्याकडे पोर्तुगीजमार्गे आलेला ‘मिस्सा’ हा शब्द निरोप या अर्थाच्या लॅटिन शब्दाचाच वंशज होय.) पुढे ही व्यवस्था क्षीण झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचा आदेश दिला व १९७२ मध्ये तिचा विधिग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथानुसार खऱ्या अर्थाने दीक्षार्थी एकच : ज्याचा बाप्तिस्मा झालेलाच नाही तो. त्याचा पूर्वीचा धर्म कोणताही असो, वा कोणताच नसो. येथे ‘प्रौढ’ ही संज्ञाही पारिभाषिक आहे; बाप्तिस्म्यापुरते, सात वर्षे पूर्ण होऊन विवेक आलेले मूलही तीत मोडते. आरंभीचा काळ निव्वळ जिज्ञासेचा असल्यामुळे त्यात कोणतेही वचन द्यावे लागत नाही. पुढे स्वीकारविधी झाला की दीक्षार्थीचे चर्चशी विशेष नाते जडते. बाप्तिस्म्यापूर्वी त्यास मृत्यू आला, तर अंत्यविधीच्या बाबतीत तो ख्रिस्ती श्रद्धावंतांतच गणला जातो. शब्दाचा प्रश्न किती गंभीर आहे, हे यावरून ध्यानी यावे.

अहिल्यानगरकडील एखाद्या प्रॉटेस्टंट मंडळीत पाण्याने व त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा झालेल्या स्त्रीची स्थिती वेगळी. तिचा बाप्तिस्मा वैध मानला जातो. गंभीर संशय असल्यावाचून तो पुन्हा देता येत नाही. तिला वर्गातील शिक्षण उपयोगी पडेल, परंतु तिच्यासाठी असलेला विधी हा ‘पूर्ण ऐक्यात स्वीकार’ होय. आवश्यकतेहून अधिक भार तिच्यावर टाकू नये, असा विधिग्रंथाचा स्पष्ट दंडक आहे. तिला बाप्तिस्मा न झालेल्यांच्या रांगेत उभे करणे हे सोयीचे असेल, योग्य नाही.

तिसरा वर्ग बालपणी कॅथलिक बाप्तिस्मा होऊनही पुढे शिक्षण, दृढीकरण वा ख्रिस्तप्रसाद न लाभलेल्यांचा. त्यांना ‘धर्मांतरित’ म्हणणे तर हास्यास्पदच ठरेल. नियमित उपासनेस येणारे कॅथलिकही उजळणीसाठी येऊन बसतात. त्यास हरकत नसावी, मात्र ते शिकाऊ नव्हेत, सोबती होत.

विवाहाच्या निमित्ताने येणाऱ्यांविषयी विशेष जपून बोलावयास हवे. कॅथलिक व्यक्तीशी विवाह करण्यासाठी दुसऱ्याने दीक्षा घेतलीच पाहिजे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती निराधार आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत बिशपांकडून सूट मिळते, अन्य ख्रिस्ती मंडळीतील व्यक्तीच्या बाबतीत परवानगी. सासरच्या दडपणाने वर्गात आलेल्यास ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगणे धर्मगुरूंचे कर्तव्य ठरते, कारण प्रौढाने बाप्तिस्म्याची इच्छा स्वतः प्रकट केली पाहिजे अशी धर्मविधीची अटच आहे.

मराठी अभ्यासकास येथे फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे (१६१६) स्मरण व्हावे. ओवीबद्ध असलेला तो ग्रंथ साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी रचिला गेला. त्यांच्या बाबतीत संस्कार आधी घडला होता व सविस्तर श्रवण मागाहून आले. आजच्या दीक्षावर्गात हा क्रम नेमका उलट आहे.