हत्यारांची किंमत आणि कारागिराची पारख

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीचा मुहूर्त साधून, 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, मूर्तिकार, होडी बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे अशा अठरा पारंपरिक व्यवसायांना ती लागू आहे. नोंदणी व पडताळणी झालेल्या कारागिरास हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते; पुढे पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांचे कर्जही मिळू शकते. मात्र एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस हा लाभ घेता येतो. म्हणजे पेडण्यातील एखाद्या सुताराच्या घरात हत्यारांसाठीचे हे साहाय्य एकदाच यावयाचे. ते सत्कारणी लागले तर दहा-वीस वर्षांची सोय होईल. चुकीच्या मालात गेले तर दोन पावसाळ्यांत गंजाखेरीज हाती काही उरणार नाही. म्हणून हत्यारांच्या निवडीचा विषय वरकरणी किरकोळ वाटला तरी त्याचा विचार अग्रलेखात व्हावा, असे आम्हांस वाटते.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचे दिवस गेल्या काही वर्षांत झपाट्याने पालटले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीत ट्रक उभे राहिले आणि त्या ट्रकांवर पोसलेली गॅरेजे थंडावली. इकडे पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. घरे, हॉटेले, दुकाने यांची बांधकामे वाढली, की दारे-खिडक्या, नळ, वीज, फर्निचर यांची कामेही वाढतात. ही कामे कोणाच्या हाताला मिळणार? बाहेरगावाहून येणारा कामगार आपल्या हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊनच येतो. आपल्या तरुणास या स्पर्धेत उभे राहावयाचे असेल, तर हाती कौशल्य हवे आणि त्या कौशल्याला साथ देणारे हत्यारही हवे.

आज बाजारात हत्यारांची टंचाई मुळीच नाही. जालंधर, नागौर, नाशिक येथे बनलेला देशी माल आहे, परदेशी माल आहे, आणि ज्यावर बनविणाऱ्याचे नावसुद्धा नाही असा मालही ढिगाने आहे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत पणजीच्या दुकानांत परदेशी जिन्नस सहज मिळत; तेव्हापासून 'बाहेरचे ते चांगले' ही समजूत आमच्या जुन्या पिढीत घट्ट बसली. ती जशी खोटी, तशीच 'स्वदेशी आहे, म्हणून डोळे मिटून घ्यावे' ही समजूतही खोटी. ज्यांनी तरुणपणी स्वदेशीचे व्रत घेतले, त्यांनीच हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हत्याराची जात त्याच्या पोलादावरून आणि घडणीवरून ठरते. वेष्टनावरील झेंड्यावरून नव्हे.

प्रथम किमतीचा हिशेब पाहू. समजा, एक पटाशी दोनशे रुपयांना मिळते आणि दुसरी सहाशेला. पहिलीचे पोलाद मऊ असल्यामुळे तिला धार लावण्यात रोज अर्धा तास अधिक जातो. आठ तासांच्या कामाला आठशे रुपये मिळविणाऱ्या सुताराचा हा अर्धा तास पन्नास रुपयांचा झाला. म्हणजे वाचविलेले चारशे रुपये आठ दिवसांत संपले. नवव्या दिवसापासून स्वस्त पटाशी रोज पन्नास रुपये खाऊ लागली! याउलट, वर्षातून चार वेळा खिळा ठोकणाऱ्या गृहस्थाने कारागिराच्या तोलाची हातोडी घेणे ही निव्वळ हौस होय. हत्याराची खरी किंमत दुकानात कळत नाही. ते किती दिवस आणि किती तास राबणार, यावर ती ठरते.

पारख करण्याच्या काही कसोट्या जाणते मेस्त्री पूर्वापार वापरीत आले आहेत. करवतीचे पाते हलकेच कमानीसारखे वाकवून सोडावे. ते सरळ झाले तर पोलाद चांगले, बाक राहिला तर ती तशीच परत ठेवावी. अलीकडे काही करवतींच्या दात्यांची टोके विशेष कठीण केलेली, काळसर-निळी असतात. त्या पुष्कळ दिवस चालतात हे खरे. परंतु बोथट झाल्यावर त्यांना कानस लागत नाही, त्या टाकूनच द्याव्या लागतात. ज्याला स्वतः दाते घासता येतात, त्याने साधी करवत घ्यावी हे बरे.

गुण्या पारखण्यास तर कोणतेही साधन लागत नाही. सरळ कडेच्या फळीस तो टेकवून एक रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा; फाकल्या तर खोटा, आणि दिसणारी फाक प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. खोट्या गुण्यावर बेतलेली चौकट जन्मभर दार अडविते. रंध्याच्या तळाशी पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. प्रकाश झिरपला तर तळ सपाट नाही असे समजावे. हातोडीच्या दांड्याचे रेषे लांबीच्या दिशेने सरळ गेलेले असावेत आणि डोके पाचरीने घट्ट बसलेले असावे. एका हातोडीचा माथा दुसरीवर आपटून पाहण्याची खोड मात्र घातक आहे. दोन्ही माथे कठीण केलेले असल्याने कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

पान्याचे तोंड नटावर अगदी नेमके बसले पाहिजे. सैल पाना नटाचे कोपरे झिजवितो आणि मग तो नट कोणाच्याही हाती लागत नाही. जेथे जागा असेल तेथे तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना बरा. कारण तो नटाला सर्व बाजूंनी पकडतो. क्रोम-व्हॅनेडियम अशी अक्षरे कोणीही छापू शकतो. केवळ तेवढ्यावर विसंबू नये. विजेचे काम करणाऱ्याने पक्कड घेताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. मुठीवर रंगीत प्लॅस्टिक चढविले म्हणजे ती विजेपासून रक्षण करील असे नव्हे; १००० व्होल्टची खूण असलेली, त्यासाठीच बनविलेली पक्कड निराळी असते. येथे वाचविलेले शंभर रुपये जिवावर बेतू शकतात.

शंभर नगांच्या चकचकीत पेट्यांविषयीही एक शब्द. त्यांतील वीस नग कामाला येतात आणि ऐंशी पेटीची जागा अडवितात. घरासाठी एक हातोडी, एक पक्कड, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, एक सरकता पाना, एक करवत आणि मोजण्याची टेप एवढे पुरते. कारागिरानेही एकदम सर्व संच घेण्यापेक्षा एका बनावटीचा एक नग आणून तो मट्टीच्या किंवा फणसाच्या लाकडावर महिनाभर चालवावा. पसंत पडला तर बाकीचे घ्यावेत. बिल मात्र प्रत्येक वेळी घ्यावे; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेताना तो कागद उपयोगी पडतो.

आणि नवे घेण्यापूर्वी घराचा माळा पाहावा. आजोबांची पटाशी तेथे गंजत पडली असेल, तर गंज वरवरचा असेपर्यंत ती वाचविता येते. दांडा बदलावा, पाते घासावे, आणि धार टिकत नसेल तर गावच्या लोहाराकडून तिला पुन्हा पाणी देऊन घ्यावे. आमच्याकडे चार महिने हवेत ओल भरलेली असते. काम संपताच हत्यार पुसून त्यावर यंत्राच्या तेलाचा हात फिरविणे हा खर्च नव्हे, बचत आहे. खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो ती एक दिवसाची. वर्षाच्या उरलेल्या दिवसांची पूजा म्हणजे ही निगा होय.

आता शासनाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली ही की, योजनेच्या पैशातून काय घ्यावयाचे याचा निर्णय कारागिराच्या हाती राहावा. सर्व सुतारांना एकच ठरीव पेटी देणे कागदावर सोपे असते. पण होडी बांधणाऱ्याची गरज निराळी आणि कपाट करणाऱ्याची निराळी. दुसरी ही की, पेडणे व डिचोली येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी बाजारातील बरा-वाईट माल प्रत्यक्ष समोर ठेवून त्याची पारख आणि धार लावण्याची विद्या मुलांना शिकवावी. या वर्गांना गावातील जाणत्या मेस्त्रींना मानधन देऊन बोलवावे; डिचोलीत समया घडविणाऱ्या कासाराला कानशीविषयी जे कळते ते कोणत्याही पुस्तकात सापडावयाचे नाही. तिसरी मागणी ही की, सहाणयंत्र, मोठा व्हाइस यांसारखी एकट्याला न परवडणारी साधने पंचायतीने गावासाठी एके ठिकाणी ठेवावीत.

अनुदान वाटणे सोपे असते. त्याचे चीज करून घेणे कठीण. पंधरा हजार रुपयांत हत्यारे येतील, पारख येणार नाही. ती ज्यांच्यापाशी आहे ते मेस्त्री वयाने थकत चालले आहेत आणि त्यांच्या मुलांपैकी पुष्कळांनी नोकरीची वाट धरली आहे. ही पारख त्यांच्या हयातीतच पुढच्या हातांत गेली नाही, तर चांगले हत्यार दुकानात असूनही ते ओळखणारा आमच्या गावांत कोणी उरणार नाही. योजना राबविणाऱ्यांनी पेट्यांच्या संख्येबरोबर याचाही हिशेब ठेवावा.