हृदय व श्वास मोजणाऱ्यांचा व्यवसाय

बेळगावच्या रविवार पेठेत आमचे धान्याचे घाऊक दुकान असून आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले आहे. अशा माणसाने वैद्यकीय क्षेत्रातील एका शिक्षणक्रमाविषयी लिहावे, हे वाचकबंधुभगिनींस धाडसाचे वाटेल. संपादक मंडळाने आमच्याकडे तूर व हरभरा यांच्या बाजारभावांवरील लेख मागितला होता; परंतु गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या घरात ज्या विषयावर अधिक बोलणे झाले, तोच पुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

आमच्या थोरल्या चिरंजीवांची कन्या २०२२ साली पी.यू.सी. उत्तीर्ण झाली. गुण चांगले होते, पण एम.बी.बी.एस.च्या सरकारी जागेस पुरतील इतके नव्हते. आणि खाजगी जागेचा आकडा ऐकून आमच्या रोकडीच्या पेटीचे झाकण आपोआप मिटले. तेव्हा तिने आपण होऊन सांगितले की, ‘अज्जा, मी कार्डिॲक केअर टेक्नॉलॉजीला जाते.’ घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी, आणि त्यांत आम्हीच अग्रभागी होतो, तिला विचारले, ‘म्हणजे डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे, मग तू नेमकी कोण?’ त्यावर तिने वाद घातला नाही. आमचीच एक गोष्ट तिने आम्हांस ऐकविली.

ती गोष्ट अशी. २०२१ च्या डिसेंबरात खरेदीसाठी आम्ही एका आठवडी बाजाराच्या गावी गेलो होतो. दुपारी छातीत जळजळ होऊ लागली, म्हणून तेथील एका लहान दवाखान्यात गेलो. तेथे औषधे बांधणाऱ्या मुलानेच आमच्या हातापायांस चिमटे लावून ई.सी.जी. काढला. त्याचे छायाचित्र फोनवरून कोणा डॉक्टरांकडे गेले आणि निरोप आला की, हृदयाच्या डाव्या बाजूस इजा झाली असावी, ताबडतोब शहरात न्या. दीड तासाच्या त्या प्रवासात आम्ही मनातल्या मनात सारी उधारी मोजून टाकली. घरी तर रडारड सुरू झाली होती. शहरातील रुग्णालयात एक तेविसेक वर्षांची मुलगी यंत्र घेऊन आली. तिने जुना कागद हाती घेतला, क्षणभर पाहिला आणि म्हणाली, ‘काका, घाबरू नका. पहिलीच रेघ उलटी आली आहे. उजव्या-डाव्या हातांच्या तारा बदलल्या गेल्या असाव्यात. आपण पुन्हा काढू.’ नवा कागद सरळ आला. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासले, आणि पित्ताचे औषध देऊन दुसऱ्या दिवशी आम्हांस घरी पाठविले.

नात एवढेच म्हणाली, ‘त्या ताई कोण होत्या, अज्जा? मला तेच व्हायचे आहे.’

आमच्या धंद्यात काटा हीच खरी पुंजी आहे. पासंग न काढता तोललेल्या मालाचे बिल कितीही सुवाच्य अक्षरात लिहिले, तरी ते चूकच असते. डॉक्टर निदान करतात ते समोर आलेल्या मापावरून. ते माप घेणारा हात शिकलेला नसेल तर थोर डॉक्टरही चुकीच्या बिलावर सही करतील. हे आम्हांस वयाच्या पासष्टीत कळले.

आता या कामाचे स्वरूप सांगतो. अमेरिकेसारख्या देशांत ‘कार्डिओपल्मनरी’, म्हणजे हृदय व फुप्फुस या दोहोंच्या तपासण्या करणाऱ्या तंत्रज्ञाचे एकत्र नाव आढळते. आपल्याकडे त्याच्या वेगवेगळ्या शाखा व वेगवेगळ्या पदव्या आहेत. त्या ओळखून घेतल्यावाचून प्रवेश घेऊ नये.

पहिली शाखा हृदयाच्या तपासणीची. ई.सी.जी.त शरीरावर दहा ठिकाणी, चार हातापायांवर व सहा छातीवर, जोड लावून हृदयाची विद्युत् हालचाल बारा दिशांनी टिपली जाते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकतो, म्हणजे त्यावरील एक बारीक चौकट ही सेकंदाचा पंचविसावा भाग होय. छातीवरील जोड एका बरगडीने वरखाली झाला तरी आकृती बदलते. हे यंत्र हॉलंडातील लायडन येथील आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी उपयोगात आणले व त्याबद्दल त्यांस १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मूळ यंत्र सुमारे पावणेतीन क्विंटल वजनाचे होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत! रुग्ण रुग्णालयात व यंत्र दीड किलोमीटरवरील प्रयोगशाळेत, अशी स्थिती असल्याने मधे टेलिफोनची तार जोडली होती. आज तेच यंत्र पिशवीत मावते. माणसे मात्र पाचाऐवजी एकच असल्याने त्या एकावरील जबाबदारी वाढली आहे. याच शाखेत चालत्या पट्ट्यावर रुग्णास चालवून घेण्याची तपासणी, चोवीस तास अंगावर बांधून ठेवण्याचे होल्टर यंत्र व एको ही कामे येतात. परदेशांत एको बहुधा तंत्रज्ञ करतात. आपल्याकडे ते पुष्कळदा डॉक्टर स्वतःच करतात, आणि अहवालावरील सही तर डॉक्टरांचीच.

दुसरी शाखा कॅथ लॅबची. हाताच्या वा मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेण्याचे हे काम. १९२९ साली जर्मनीतील फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हातातून अशी नळी हृदयापर्यंत घातली व चालत जाऊन क्ष-किरण छायाचित्र काढून घेतले. १९५६ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आज झटका आलेल्या रुग्णाची बंद वाहिनी शक्यतो रुग्णालयात आल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत उघडावी असा दंडक आहे. म्हणून तंत्रज्ञास मध्यरात्री बोलावणे येते. पाच-सहा किलोंचा शिशाचा अंगरखा घालून तासन्‌तास उभे राहावे लागते व किरणांचे माप टिपणारा बिल्ला अंगावर बाळगावा लागतो. नातीने तो अंगरखा प्रथम घातला त्या दिवशी फोनवरून सांगितले, ‘अज्जा, तुमच्या हमालांची आठवण झाली.’

तिसरी शाखा परफ्यूजनची, आणि आमच्या मते सर्वांत जोखमीची. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबवून त्याचे व फुप्फुसाचे काम यंत्राकडे दिले जाते. ते यंत्र परफ्युजनिस्ट चालवितो. रक्ताचा ओघ, त्यातील प्राणवायू, तापमान आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाचा परिणाम, या सर्वांवर त्याची अखंड नजर असावी लागते. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. गिबन यांनी अशा यंत्राच्या साहाय्याने अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. तिचे हृदय व फुप्फुस यांचा संपूर्ण भार २६ मिनिटे यंत्राने वाहिला.

चौथी शाखा श्वासाची, आणि ती आम्हां धान्यवाल्यांच्या अगदी जवळची आहे. धान्याच्या धुळीने दम लागतो हे आपण सारे जाणतो, पण ‘पेठेचा खोकला’ म्हणून सोडून देतो. आमच्या दुकानी तीस वर्षे पोती वाहणाऱ्या एका हमालास खोकल्याने जिना चढवेना. क्षय नाही हे तपासून झाले होते. अखेर नातीच्या आग्रहाने आम्ही त्यास श्वासाच्या तपासणीस नेले. १८४६ साली लंडनच्या हचिन्सन या शल्यवैद्याने दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून ज्या यंत्राचा पाया घातला, तेच हे स्पायरोमीटर. माणसाने छाती भरून घ्यावयाची व नळीत जोराने, शेवटपर्यंत फुंकावयाचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली व एकंदर किती, हे यंत्र सांगते. पण येथे यंत्रापेक्षा माणूस मोठा. रुग्णाने अर्धवट फुंकले तर माप खोटे येते, आणि निदान तीन फुंका निर्दोष याव्या लागतात. तेथील तंत्रज्ञ मुलाने आमच्या त्या संकोची माणसापुढे उभे राहून, ‘ऊद्री, ऊद्री, इन्नू ऊद्री!’ असा पुकारा करून त्याच्याकडून पुरा श्वास काढून घेतला. मग औषधाचा फवारा देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकविले. माप स्पष्टपणे सुधारले, आणि डॉक्टरांनी दम्याचे निदान केले. आज तो नियमाने फवारा घेतो. तोंडाला फडके बांधून चाळणीवरचे हलके काम करतो. मराठी, कन्नड व हिंदी या तिन्ही भाषा सहज बोलणाऱ्या आपल्या सीमाभागातील मुलांस या कामात किती सोयीचे आहे, हे आम्हांस त्या खोलीत उमगले. याच शाखेतील तंत्रज्ञ अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळतात. २०२० व २०२१ च्या कोरोनाकाळात यंत्रे घाईने आली, परंतु चालविणारे शिकलेले हात अपुरे पडले, हे सर्वांनी पाहिलेच आहे.

शिक्षणाविषयी. कर्नाटकात बंगलोरच्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत कार्डिॲक केअर, परफ्यूजन व रेस्पिरेटरी केअर अशा स्वतंत्र बी.एस्सी. पदव्या आहेत. पी.यू.सी.ला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हवे. पुढे तीन वर्षे अभ्यास व एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम. तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था व मणिपाल येथेही या क्षेत्रातील शिक्षण मिळते. पुढे एम.एस्सी. करून अध्यापनाकडे वळता येते. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपत्रिका पाहूनच पाऊल टाकावे.

२०२१ साली संसदेने या व अशा इतर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. हृदय-तंत्रज्ञ, परफ्युजनिस्ट व श्वसन-तंत्रज्ञ यांस त्यात नावानिशी स्थान आहे. पदवीधर ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’साठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्यात सांगितले आहे. अंमलबजावणी सर्व राज्यांत एकाच गतीने झालेली नाही. तथापि नोंदणीचे युग आले आहे. म्हणून सहा महिन्यांत प्रमाणपत्र देऊ म्हणणाऱ्या पाट्यांपासून दूर राहावे. पोत्यात नळी खुपसून नमुना काढल्याशिवाय आपण माल घेत नाही. मग मुलाची चार वर्षे घालताना तपास का करू नये? महाविद्यालयास स्वतःचे रुग्णालय आहे काय, तेथे कॅथ लॅब खरोखर चालते काय, वर्षाला किती रुग्ण येतात, शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यास यंत्रास हात लावू देतात की नुसते उभे करतात, हे तेथील जुन्या विद्यार्थ्यांस विचारावे. आम्ही दोन ठिकाणी विचारले. एका ठिकाणी कॅथ लॅबच्या दारास कुलूप होते.

मिळकतीविषयी खोटी आशा दाखविणार नाही. आरंभीचा पगार अल्प असतो. नातीच्या वरच्या वर्गातील एका मुलीस पहिल्या नोकरीत आमच्या दिवाणजींपेक्षा कमी मिळाले, हे ऐकून आम्हांस वाईट वाटले. मोठ्या रुग्णालयांत अनुभवाने तो वाढतो. परफ्यूजनमध्ये माणसे थोडी असल्याने विशेष. यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांतही या पदवीधरांस जागा असतात. आखाती देशांत जावयाचे तर तेथील परवान्याची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत श्वसन-तंत्रज्ञांसाठी राष्ट्रीय परीक्षा आहे व एखादे राज्य वगळता सर्वत्र परवाना लागतो. मात्र एक गोष्ट मुलांनी मनाशी पक्की करावी: तंत्रज्ञ हा डॉक्टर नव्हे. घरी यंत्र आणून निदान करणे व औषध सांगणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय दगाही आहे.

रात्रपाळीचा प्रश्न अनेक घरांत निघतो, विशेषतः मुलींबाबत. आमच्याही घरी निघाला. सूनबाईंनी त्यास दिलेले उत्तर असे की, ‘मामंजी, तुम्हांला ज्या रात्री दवाखान्यात ठेवले होते, त्या रात्री तेथे कोणाच्या तरी मुलीच जाग्या होत्या.’ यापुढे आम्ही बोललो नाही.

शेवटी संघाच्या कार्यकारी मंडळास एक विनंती. आपल्या शिक्षणनिधीतून आजवर वैद्यकीय पदवी व इंजिनिअरिंग यांसाठीच कर्ज दिले जाते. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाच्या मुलाचा परफ्यूजनचा अर्ज ‘हा अभ्यासक्रम यादीत नाही’ म्हणून परत गेला, आणि त्या सभेत आम्हीही गप्प बसलो होतो. ते चुकले. येत्या वार्षिक सभेत या पदव्या यादीत घालण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी कृपया उपस्थित राहावे. ज्या कुटुंबांस अधिक विचारावयाचे असेल, त्यांनी दुपारी बाजार मंदावल्यावर दुकानी यावे. नातीची सध्या इंटर्नशिप चालू आहे. दिवाळीत तिला चार दिवसांची रजा मिळेल असे ती म्हणते, तेव्हा मुलांनी तिच्याशीच बोलावे.