पैसे मोजून द्राक्षं तोडायला पोर्तुगालला? ‘विंदिमा’ म्हणजे काय आणि त्यामागचं गणित काय?

सप्टेंबर लागला की इन्स्टाग्रामवर ठरावीक रील्स दिसायला लागतात. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेल्या द्राक्षबागा, खाली संथ नदी, हातात कात्री, डोक्यावर गवती टोपी. पुढच्या क्लिपमध्ये गुडघ्यापर्यंत जांभळे झालेले पाय आणि अकॉर्डियनच्या तालावर दगडी हौदात नाचणारी माणसं.

हे आहे पोर्तुगालचं दोरू नदीचं खोरं आणि हा हंगाम आहे ‘विंदिमा’, म्हणजे द्राक्षांची काढणी.

इथे पर्यटक मजुरी घेत नाहीत, उलट पैसे देऊन द्राक्षं तोडतात. आणि त्याच डोंगरावर, दोन बांध पलीकडे, द्राक्षांना भाव नाही म्हणून छोटा शेतकरी हैराण असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या आहेत? समजून घेऊया.

विंदिमा कधी आणि कुठे असते?

दोरूमध्ये काढणी साधारण सप्टेंबरमध्ये जोर धरते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. उन्हाळा कडक असेल तर काही बागांमध्ये ऑगस्टमध्येच कात्री लागते. दक्षिणेकडच्या आलेन्तेजु भागात उष्णता जास्त, त्यामुळे तिथे ऑगस्टमध्येच लगबग दिसते. लिस्बनजवळच्या पाल्मेला गावात याच सुमारास द्राक्ष काढणीचा उत्सवही भरतो.

आपल्याकडे नाशिक-सांगली भागात सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणीचे दिवस. वाईनच्या द्राक्षांची काढणी त्यानंतर साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. पोर्तुगालमध्ये मात्र वेल थंडीत पूर्ण झोपी जातो, वसंतात फुटतो आणि उन्हाळा संपता संपता तयार होतो. म्हणजे आपल्या बागेत छाटणी सुरू असते तेव्हा तिकडे घड उतरवले जात असतात.

पायांनी द्राक्षं का तुडवतात?

रीलमध्ये दिसणाऱ्या दगडी हौदाला ‘लागार’ म्हणतात. तुडवण्यामागे तांत्रिक कारण आहे. पायाचा दाब मऊ असतो. द्राक्षाची साल फुटते, रंग आणि रस सुटतो, पण बी फुटत नाही. बी चिरडली की वाईनला कडवटपणा येतो.

परंपरेनुसार हे काम संध्याकाळी होतं आणि त्याचे दोन टप्पे असतात. पहिला ‘कॉर्त’. यात माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीत उभी राहतात आणि कुणीतरी दिलेल्या ठेक्यावर डावा-उजवा पाय उचलत हळूहळू पुढे सरकतात. हे दोनेक तास चालतं आणि चांगलंच दमवणारं असतं. त्यानंतर ‘लिबर्दाद’, म्हणजे मोकळीक. मग संगीत सुरू होतं आणि लोक हौदात हवे तसे नाचतात. रील नेहमी या दुसऱ्या टप्प्याची असते.

दोरूची खास वाईन म्हणजे पोर्ट. तिचा रस आंबायला लागल्यावर थोड्याच दिवसांत, साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांपासून बनवलेलं तीव्र मद्य मिसळतात. पारंपरिक हिशोब असा की 435 लिटर आंबणाऱ्या रसाला 115 लिटर मद्य. त्यामुळे आंबणं थांबतं, गोडी टिकते आणि अल्कोहोलचं प्रमाण साधारण 19 ते 22 टक्के होतं. 435 आणि 115 मिळून होतात 550 लिटर. या मापाला ‘पिपा’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज बहुतेक पोर्ट यंत्रांनी बनते. पायांसारखा दाब देणारी यंत्रंसुद्धा आली आहेत. पायांनी तुडवणं काही निवडक, महागड्या वाईनसाठी आणि पर्यटकांसाठी उरलं आहे.

‘पोर्ट’ हे नाव कुणालाही का वापरता येत नाही?

गोव्यातून येताना गोड ‘पोर्ट वाईन’ची स्वस्त बाटली अनेकांनी आणलेली असते. पण युरोपच्या कायद्याप्रमाणे ‘पोर्ट’ हे नाव फक्त दोरूच्या ठरलेल्या हद्दीतल्या द्राक्षांपासून तिथल्या नियमांनुसार केलेल्या वाईनलाच मिळतं.

ही हद्द 1756 मध्ये ठरली. तेव्हा इंग्लंडमध्ये पोर्टला मोठी मागणी होती, त्यामुळे भेसळही वाढली होती. फिकट वाईनला रंग यावा म्हणून एल्डरबेरीची फळं मिसळली जायची. भाव कोसळले, तेव्हा पोर्तुगालचे मंत्री मार्केस द पोंबाल यांनी कंपनी स्थापन केली, बागांची हद्द आखून ग्रॅनाइटचे दगड रोवले आणि एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली. हद्द आखून कायद्याने नियंत्रित केलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या वाईन प्रदेशांमध्ये दोरूचं नाव घेतलं जातं ते यामुळेच. 2001 मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मग शेतकरी अडचणीत का आहे?

पिकवलेल्या सगळ्या द्राक्षांची पोर्ट करता येत नाही. दरवर्षी किती पिपा रसाची पोर्ट करायची याचा कोटा ठरतो. याला ‘बेनेफिसिओ’ म्हणतात. माती, उंची, उतार, वेलींचं वय असे निकष लावून प्रत्येक बागेला दर्जा दिलेला असतो आणि त्यानुसार कोटा वाटला जातो. कोट्यातल्या द्राक्षांना चांगला भाव मिळतो. उरलेली साध्या वाईनसाठी बऱ्याच कमी भावाने जातात.

आता आकडे बघा. 2022 मध्ये हा कोटा 1 लाख 16 हजार पिपा होता. 2023 मध्ये 1 लाख 4 हजार, 2024 मध्ये 90 हजार आणि 2025 मध्ये 75 हजार. तीन वर्षांत एक तृतीयांशापेक्षा जास्त घट. जगभर पोर्टचा खप कमी होतोय आणि कंपन्यांच्या तळघरांत जुना साठा पडून आहे. मोठी कंपनी हा धक्का सोसू शकते. पण दोरूमध्ये हजारो शेतकऱ्यांकडे छोटे-छोटे तुकडे आहेत. ते वाईन बनवत नाहीत, फक्त द्राक्षं विकतात. कोटा घटला की त्यांचं उत्पन्न थेट घटतं. वेलींची निगा, फवारणी, तोडणी यांचा खर्च मात्र कमी होत नाही. याच प्रश्नावर शेतकऱ्यांनी रेग्वा शहरात निदर्शनंही केली आहेत.

तोडणी करतं कोण?

उतार इतके तीव्र आहेत की बहुतेक बागांमध्ये मशीन चालतच नाही, घड हातानेच तोडावे लागतात. पूर्वी डोंगराळ गावांतून मजुरांच्या टोळ्या यायच्या. टोळीला ‘रोगा’ म्हणत आणि ती आणणाऱ्याला ‘रोगादोर’. आपल्याकडची ऊसतोड टोळी आणि मुकादम डोळ्यांसमोर आणा, चित्र तेच. बायका घड तोडायच्या आणि पुरुष पन्नास किलोहून जड टोपल्या पाठीवर घेऊन उतार उतरायचे.

आता गावं म्हातारी झाली आहेत, तरुण शहरात किंवा परदेशात गेले आहेत. त्यांच्या जागी बाहेरून आलेले मजूर दिसतात. त्यात भारत, नेपाळ, बांगलादेशातले लोकही आहेत.

म्हणून विंदिमाचा ‘अनुभव’ घेताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. तुम्ही तासभर कात्री चालवता आणि जेवायला बसता. शेजारच्या ओळीतला माणूस तेच काम तिशीपार उन्हात दिवसभर करतो.

जायचं असेल तर काय बघायचं?

पर्यटन वाईट आहे असं नाही. पोर्टचा खप घटत असताना अनेक ‘किंतां’ना, म्हणजे द्राक्षमळ्यांना, पर्यटकांचा मोठा आधार आहे. फक्त आपला पैसा कुठे जातोय हे बघून ठरवा.

• किंता निवडताना: स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतःच बाटलीत भरणारे छोटे मळे शोधा. नदीवरच्या क्रूझमध्ये दिलेला पैसा गावापर्यंत किती पोहोचतो, हा प्रश्नच आहे.

• आधी विचारून घ्या: तुडवणं खऱ्या वाईनसाठी आहे की फक्त पर्यटकांसाठी? दोन्ही चालतं, पण माहीत असावं. काढणीची तारीख हवामानावर ठरते, त्यामुळे बुकिंग बदलता येतं का हेही विचारा.

• प्रवास: पोर्तोच्या साओ बेन्तु स्टेशनवरून दोरूच्या कडेने रेल्वे जाते. पिन्याओला पोहोचायला साधारण अडीच तास लागतात. पिन्याओ स्टेशनच्या भिंतींवर काढणीची चित्रं असलेल्या निळ्या टाइल्स आहेत. टेस्टिंग करणार असाल तर घाटातल्या वळणांवर गाडी चालवण्यापेक्षा रेल्वेच बरी.

• व्हिसा: भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी फी 90 युरो आहे आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सप्टेंबरला जायचं तर उन्हाळ्यातच तयारीला लागा. 30 हजार युरोचं वैद्यकीय कव्हर असलेला प्रवास विमाही लागतो.

• ‘काम करा, फुकट राहा’पासून सावध: टुरिस्ट व्हिसावर मजुरीचं काम करता येत नाही. हंगामी कामासाठी वेगळा व्हिसा असतो. त्यामुळे राहण्या-जेवणाच्या बदल्यात तोडणीची ऑफर आली तर आधी नियम तपासा.

आणि शक्य झालं तर एक बाटली दुकानाऐवजी थेट मळ्यातून घ्या. कोटा कमी झालेल्या वर्षी छोट्या किंतासाठी ती एक बाटलीही महत्त्वाची असते.