मुलींना ही लस टोचावी काय?

गेल्या मार्गशीर्षांत विंचूर येथें आमच्या आप्तांच्या घरीं आम्ही चार दिवस राहिलों होतों. घरांत तेरा वर्षांची नात आहे. तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस टोचावी कीं नाहीं, यावर ओटीपासून माजघरापर्यंत खल चालला होता. आजींना सुईपेक्षां लोकापवादाचें भय अधिक. "अजून शाळकरी पोर, तिला असली लस आतांच कशाला?" असें त्या म्हणत. काकांचा आक्षेप निराळा. आंध्रांत या लशीनें मुली दगावल्या, असें त्यांनीं लासलगांवच्या बाजारांत ऐकलें होतें, आणि कांद्याच्या भावाइतक्याच ठामपणें ते तें सांगत होते. मुलीची आई गप्प होती. तिला कोणी विचारलेंच नव्हतें.

आजींच्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. ज्या पॅपिलोमा विषाणूमुळें हा रोग होतो, तो शरीरसंबंधांतून येतो; स्वतः निष्कलंक असलेल्या स्त्रीलाही तो पतीकडून जडूं शकतो. एकदां शिरकाव झाला म्हणजे लस त्याला बाहेर काढूं शकत नाहीं. म्हणूनच ९ ते १४ हें वय उत्तम. मुलीच्या शीलाशीं याचा कांहींच संबंध नाहीं.

काकांचें म्हणणें मात्र हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. २००९ सालीं तत्कालीन आंध्रांतील खम्मम व गुजरातेंतील बडोदें या जिल्ह्यांत एका प्रायोगिक कार्यक्रमांत मुलींना ही लस टोचण्यांत आली. पुढें सात मुलींच्या मृत्यूच्या वार्ता आल्या व एप्रिल २०१० मध्यें कार्यक्रम थांबला. एक मुलगी बुडून गेली होती, एक सर्पदंशानें. या मृत्यूंचा लशीशीं संबंध असावा असें चौकशी समितीस दिसलें नाहीं. परंतु दुसरीच गोष्ट उघडकीस आली. कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजीं वसतिगृहाच्या चालकांच्या सह्या होत्या! २०१३ सालीं संसदीय समितीनें यावर कठोर ताशेरे ओढले, ते आमच्या मतें योग्यच होते. औषध निर्दोष असलें म्हणून न विचारतां टोचण्याचा अधिकार कोणासही प्राप्त होत नाहीं.

या स्थगितीचें एक फळ मात्र अनपेक्षित निघालें. त्याच सुमारास पुणें, बार्शी इत्यादि ठिकाणीं दोन मात्रा पुरतात कीं तीन लागतात, याचा अभ्यास चालू होता. तोही मध्येंच थांबला आणि सुमारें पांच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांच्यावर वर्षानुवर्षें लक्ष ठेवल्यावर एका मात्रेचें संरक्षणही जवळजवळ तितकेंच आढळलें. २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें मुलींसाठीं एका मात्रेसही मान्यता दिली.

इंग्लंडांत बारा-तेराव्या वर्षीं ही लस देऊं केलेल्या पिढींत हा कर्करोग सुमारें ८७ टक्क्यांनीं घटला. उपद्रव म्हणाल तर दंड दुखणें, थोडा ताप, क्वचित् भोंवळ. टोचल्यावर पंधरा मिनिटें मुलीला बसवून ठेवावें. वांझपणाच्या गप्पांना आधार नाहीं.

हें सर्व ऐकून आजींनीं विचारलें, "मग माझ्या सुनांचें काय?" प्रश्न मार्मिक होता. तिशी उलटलेल्या विवाहित स्त्रियांस लशीपेक्षां तपासणीचा उपयोग अधिक, आणि लस टोचलेल्या मुलींनाही पुढें ती चुकत नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील खेड्यांत झालेल्या अभ्यासांत विषाणूच्या एकाच तपासणीनें या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

आजींनीं खुंटीवरची दिनदर्शिका काढून घेतली, नाशिकास जाण्याचा वार पाहिला, आणि मुलीच्या आईस हांक मारली.